डेल्फीनचे तास मी मोजले

मित्रांनो, माझ्या तोंडावरची धूळ जरा पुसून बघा. काचेला एक तडा गेला आहे, डाव्या बाजूचे पॉलिश उडाले आहे आणि सहाचा आकडा अर्धा पुसला गेला आहे. तरीही वेळेच्या बाबतीत मी कधी कोणाला फसवले नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी हजेरीचे जुने घड्याळ आहे. नुसती वेळ दाखवणे हे माझे काम नव्हे. माझ्या पोटाखाली एक फट आहे. तिच्यात जाड कागदाचे कार्ड सरकवून बाजूचा दांडा दाबला, की मी त्यावर तारीख, तास आणि मिनिट शाईने छापतो. कामावर आलात की एक ठसा, निघालात की दुसरा. मधला वेळ तुमच्या कष्टाचा. त्यात मी कधी पदरचे मिनिट घातले नाही आणि कोणाचे कापलेही नाही.

माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. पितळेची चाके, ओकच्या लाकडाची पेटी आणि आठवड्यातून एकदा द्यायची चावी. मला जोडणारा माणूस चाकांना कान लावून ऐकायचा. आवाज पटला नाही तर पुन्हा सगळे सुटे करायचा. तिथून मी मेन राज्यातल्या एका बुटांच्या कारखान्यात गेलो आणि अठ्ठावीस वर्षे दाराशी उभा राहिलो. तिथल्या बाया मला चुगलखोर म्हणत. तीन मिनिटे उशीर झाला की मालक त्यांचे पाव तासाचे पैसे कापी आणि शिव्या मला बसत. मी मालकाला फक्त तीन मिनिटे सांगत होतो, पाव तास त्याचा होता. पण हे कोणाला सांगणार? पुढे तो कारखाना बंद पडला. लिलावात एका छोट्या कॉलेजच्या भोजनगृहाने मला बारा डॉलरला उचलले आणि भांडी धुण्याच्या खोलीत दाराशेजारी टांगले.

त्या खोलीत दिवसभर वाफ. एका खिडकीतून विद्यार्थ्यांची उष्टी ताटे सरकत्या पट्ट्यावरून आत यायची. ती खरवडायची, जाळीच्या खोक्यात उभी लावायची आणि धुण्याच्या यंत्रात ढकलायची. हे काम करणारेही विद्यार्थीच होते. त्यांच्यावर देखरेख अर्लीनबाईंची. बाई सडपातळ, बोलायला कोरड्या आणि नजरेने तीक्ष्ण. दर सोमवारी सकाळी त्या रेडिओ लावत, सातचा ठोका ऐकत, माझा काटा तपासत आणि मला चावी देत. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कामाचा सोबती मानले, ते अर्लीनबाईंनी.

त्यांच्याकडे दोन रंगांची कार्डे असत. कमवा-शिका योजनेतल्या मुलांना पांढरी. स्वयंपाकघर आपल्या खर्चाने जे जादा काम करून घेई, त्यासाठी पिवळी.

"पांढरं सरकारचं, पिवळं माझं," त्या नव्या मुलांना सांगत. "दोन्हींची सरमिसळ केली तर उद्या कोणीतरी टाय लावून खाली येईल आणि मलाच विचारेल."

महिना संपला की अर्लीनबाई ती सगळी कार्डे टोमॅटोच्या डब्यांच्या रिकाम्या खोक्यांत घालून ठेवत. कार्यालयातून दोनदा निरोप आला, की वर्ष उलटलेली कार्डे टाकून द्या. बाईंनी मान डोलावली आणि खोकी आणखी एक फळी वर सरकवली.

सन १९९६च्या सप्टेंबरात डेल्फीन विलेट माझ्यासमोर आली. अठरा वर्षांची, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. तिचे गाव अगदी उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीवरच्या नदीकाठी. घरात बोली फ्रेंच. वडील हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचे बर्फ हटवणारी गाडी चालवत आणि उन्हाळ्यात तेच रस्ते दुरुस्त करत. आई शाळेत मुलांचे जेवण रांधायची. त्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. तिच्या हातात दोन कागद होते.

"अर्लीनबाई तुम्हीच ना? मला इथे पाठवलंय. पण आधी एक विचारायचं होतं."

"विचार की. हात मात्र चालू दे. त्या ताटांना तुझ्या प्रश्नाशी काही देणंघेणं नाही."

डेल्फीनने एका हाताने ताटे उचलली आणि दुसऱ्या हाताने कागद पुढे धरले. "हे मदतीचं पत्र. यात शिष्यवृत्ती आहे, कर्ज आहे आणि खाली लिहिलंय, कमवा-शिका, दीड हजार डॉलर. आणि हे फीचं बिल. शिष्यवृत्ती वजा केलीय. कर्ज वजा केलंय. दीड हजार कुठेच वजा नाहीत. कोणीतरी विसरलं असणार."

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही कागद वाचले. "कोणी काही विसरलेलं नाही."

"मग माझे दीड हजार गेले कुठे?"

"ते अजून तू मिळवायचेत, बाळ. वरचे दोन आकडे या कागदावरून त्या कागदावर आपोआप जातात. हा तिसरा तुझ्या हातातून जातो. काम केलंस की दर दुसऱ्या शुक्रवारी तुझ्या नावाचा चेक. नाही केलंस तर हा आकडा नुसता कागदावर राहणार. आणि दीड हजार ही हद्द आहे. तासाला पाच डॉलर, म्हणजे तीनशे तास. आठवड्याला दहा धरलेस तर वर्ष सरता सरता पुरे होतील. त्यापुढे सरकार देत नाही."

डेल्फीनने दोन्ही कागद परत घेऊन त्यांची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "पापांनी गावात सगळ्यांना सांगितलंय, की पोरीची फी भागली."

"भागली नाही, पण भागेल. उद्या फीच्या खिडकीवर जा आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून माग. देतात ते. लाजू नकोस, रोज चार जण मागतात. आता हे कार्ड घे. कोरडा हात कर आधी, ओल्या हातानं शाई पसरते."

तिने पँटला हात पुसले, पांढरे कार्ड माझ्या फटीत घातले आणि दांडा दाबला. मी छापले. तिने तो ठसा इतका निरखून पाहिला, की मला माझ्या शाईचा अभिमान वाटला.

मित्रांनो, मी बऱ्याच हातांचे काम पाहिले आहे. डेल्फीनचे काम स्वच्छ होते. ती एक मिनिट आधी यायची आणि खोके भरून झाल्याशिवाय हलायची नाही. चेक आला की त्यातला अर्ध्याहून अधिक भाग फीच्या खिडकीवर जायचा. उरलेल्यातून पुस्तके, साबण आणि नोव्हेंबरात एक जोडी बर्फातले बूट. सुरुवातीला ती खिडकीकडे पाठ करून उभी राहत असे, म्हणजे ताट सरकवणाऱ्यांना चेहरा दिसू नये. एकदा तिच्याच वसतिगृहातल्या एका मुलीने वाकून आत पाहिले.

"अगं, तू इथे काम करतेस?"

डेल्फीन वळली. "हो. तुझा चमचा पट्ट्यात अडकतोय, तेवढा उचल."

त्या दिवसापासून तिने पाठ करणे सोडले.

उन्हाळ्यात कॉलेजात बाहेरच्या लोकांची शिबिरे भरत. अर्लीनबाईंनी तिला दहा आठवडे ठेवून घेतले. हे काम स्वयंपाकघराच्या पैशाचे, म्हणून कार्ड पिवळे. चाळीस तासांचा आठवडा. त्या उन्हाळ्यात तिने माझ्यावर इतके ठसे उमटवले, की बाईंना शाईची फीत दोनदा बदलावी लागली. सप्टेंबरात पुन्हा पांढरे कार्ड सुरू झाले, आता तासाला सव्वापाच डॉलरने.

दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत तिने पुढच्या वर्षाच्या मदतीसाठी सरकारी अर्ज भरला. तो अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. घरची मिळकत, आपली मिळकत, सगळे लिहायचे. मग सरकार ठरवते, की हे कुटुंब स्वतः किती देऊ शकेल. जितके ते देऊ शकेल, तितकी मदत कमी. तिने आमच्याच पोलादी टेबलावर बसून तो भरला. कॉलेजकडून वर्षभराच्या पगाराचा एक कागद आला होता. त्यावर एकच आकडा होता, साडेतीन हजार डॉलर. तिने तो जसाच्या तसा उतरवला.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी ती पाचला दोन मिनिटे कमी असताना आली. तिने कार्ड छापले आणि मग हात बाजूला सोडून नुसती उभी राहिली. असे तिने कधी केले नव्हते.

"काय झालं?" अर्लीनबाईंनी विचारले.

"पुढच्या वर्षीचं पत्र आलं. साडेसातशे डॉलर कमी केलेत."

"कारण?"

"माझी मिळकत. मी जितकी जास्त राबले, तितकी मदत कमी झाली. मग मी राबले कशाला?" तिने हातातले पत्र पिशवीत कोंबले. "मी आईशी बोलले. तिच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा रिकामी होतेय. ताटं घासायचीच तर घरी राहून घासीन. सप्टेंबरात मी परत येणार नाही."

बाईंनी धुण्याचे यंत्र बंद केले. जेवणाच्या वेळी ते यंत्र बंद झालेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. पट्ट्यावर ताटे साचू लागली.

"तू भरलेल्या अर्जाची नक्कल आहे ना? दाखव."

डेल्फीनने पिशवीतून ती काढली. बाईंचे बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

"ही ओळ रिकामी का?"

"मला वाटलं, ती माझ्यासाठी नाही."

"ती तुझ्यासाठीच आहे. कमवा-शिकाचा पगार इथे पुन्हा लिहायचा असतो, म्हणजे तो हिशेबातून वगळतात. गरज आहे म्हणून सरकारनं जे काम दिलं, त्याचा पगार पुढच्या मदतीच्या आड येत नाही. उन्हाळ्याचा येतो, तो साधा पगार. तू दोन्ही एकत्र सांगितलेस आणि वगळायचं काहीच सांगितलं नाहीस. त्यांनी सगळंच धरलं."

"म्हणजे चूक माझी."

"चूक तुझी. पण चूक दुरुस्त होते. घरी जाऊन ती होणार नाही. आता यंत्र सुरू कर, नाहीतर ही ताटं दारातून बाहेर जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच टाय लावलेला माणूस खाली आला. हे क्विम्बीसाहेब, मदत कार्यालयाचे प्रमुख. सकाळी डेल्फीन त्यांच्याकडे जाऊन आली होती. वाफेने त्यांच्या चष्म्यावर धुके धरले आणि ते रुमालाने काचा पुसत दारातच थांबले.

"अर्लीनबाई, मुलीचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पगार विभागाच्या कागदावर एकच बेरीज आहे. यातले किती कमवा-शिकाचे आणि किती उन्हाळ्याचे, ते मला वेगळं हवं. ते लोक नव्या संगणकावर चाललेत. म्हणतात, महिना लागेल. आणि कॉलेजचा अनुदानाचा पैसा या शुक्रवारी वाटून संपतो. नंतर मी कितीही मान डोलावली तरी द्यायला काही उरणार नाही."

"तुम्हाला वेगळं करून हवंय ना?" बाई शिडीवर चढल्या. एकामागून एक तीन खोकी खाली आली. "हे घ्या. पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. एकोणीसशे सत्त्याण्णव, जानेवारी ते डिसेंबर."

क्विम्बीसाहेबांनी एक कार्ड उचलून उजेडात धरले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हे घड्याळ बरोबर चालतं कशावरून?"

मित्रांनो, माझ्या पितळेच्या चाकांना त्या क्षणी काय वाटले, ते कसे सांगू? तोपर्यंत मला सगळे जण शिव्या देत, पण खोटे कोणी म्हटले नव्हते.

"तुमच्या मनगटावरचं बरोबर चालतं ना?" बाई म्हणाल्या. "लावून बघा की."

साहेबांनी आधी भिंतीवरच्या टेलिफोनवरून वेळ विचारून आपले घड्याळ तपासले. मग एक कोरे कार्ड माझ्या फटीत घातले. ते मनगटाकडे बघत राहिले आणि त्यांच्या मते दोन वाजून सोळा मिनिटे झाली, तसा त्यांनी दांडा दाबला. मी दोन वाजून सोळा मिनिटे छापली. त्यांनी तारीखही पाहिली. मग ते कोट काढून पोलादी टेबलाशी बसले. "चला. वाचा एकेक."

डेल्फीन वाचत गेली आणि साहेब लिहीत गेले. फाटक्या कोपऱ्यांची, टोमॅटोचा वास लागलेली, कुठे साबणाचा डाग पडलेली कार्डे. पण माझा एकही ठसा असा नव्हता, की जो वाचता येईना. तास दीड तास हे चालले. ऑक्टोबरच्या एका पांढऱ्या कार्डाशी डेल्फीन अडखळली.

"हा शनिवार," ती म्हणाली. "संध्याकाळी चार ते दहा. सहा तास."

"लिहिले," साहेब म्हणाले.

"नाही, लिहू नका. हे कमवा-शिकाचे नाहीत. त्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांची मेजवानी होती. ते काम स्वयंपाकघराचं होतं. कार्ड पांढरं आहे, पण काम पिवळं."

साहेबांचे पेन थांबले. त्या सहा तासांचे साडेएकतीस डॉलर होत होते. ते कोणाच्याही लक्षात आले नसते, माझ्यासुद्धा. मी फक्त वेळ छापतो. काम कसले होते, ते मला ठाऊक नसते.

अर्लीनबाईंनी कार्ड हातात घेतले आणि त्यांचा चेहरा पडला. "पिवळी संपली होती त्या दिवशी. मी म्हटलं, नंतर बदलीन, आणि राहून गेलं. ही चूक माझी. सरकारचे पैसे परत करायचं पत्र मी लिहिते."

"ते तुम्ही लिहाच," साहेब म्हणाले. त्यांनी ती ओळ खोडली. मग पेन खाली ठेवून त्यांनी डेल्फीनकडे पाहिले. "मुली, उरलेल्या एकाही कार्डाबद्दल आता मला शंका नाही."

बेरीज आली चौदाशे साडेअडुसष्ट डॉलर. तेवढे हिशेबातून वगळले गेले. शुक्रवारच्या आत कागद वर पोचला आणि पुढच्या आठवड्यात नवे पत्र आले. जवळजवळ सगळे अनुदान पूर्ववत झाले होते. डेल्फीनने ते पत्र आल्या आल्या बाईंना वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. आता काटे वेगळे लाव, चमच्यांत मिसळलेत." पण त्या सोमवारी मला चावी देताना त्यांनी माझी काच आपल्या बाहीने पुसली. तशी त्यांनी त्याआधी कधी पुसली नव्हती.

डेल्फीन परत आली. तिसरे वर्ष झाले, चौथे झाले. शेवटच्या दोन वर्षांत नव्या मुलांना पत्रातला तिसरा आकडा समजावून सांगायचे काम बाईंनी तिच्यावरच सोपवले. ती हातात ताट घेऊनच समजावत असे. आज ती तिकडे उत्तरेला, नदीकाठच्या शाळेत गणित शिकवते, असे ऐकतो.

माझे दिवसही पालटले. काही वर्षांनी भिंतीवर एक करड्या रंगाची डबी आली. तिच्यासमोर प्लास्टिकचे कार्ड फिरवले, की ती नुसती टुण् करते. अर्लीनबाई निवृत्त झाल्या. मला खिळ्यावरून काढून कोठीत, मिठाच्या पोत्यांमागे ठेवले. माझी चावी कोणत्या तरी खणात गेली. उंदरांनी मागची फळी कुरतडली. एकदा कोणीतरी माझ्यावर रंगाचा डबाही ठेवला. या गोष्टीचे वाईट वाटते, पण फार नाही. डेल्फीनच्या तासांचे एक मिनिटही मी हरवले नाही. एवढे ज्याला म्हणता येते, त्याने मिठामागे बसून रडू नये.

तुम्हाला मात्र दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुमच्या घरी, शाळेत एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला फेकण्याआधी एकदा पुसा, तेल घाला आणि ते काय करत होते, ते कोणा जुन्या माणसाला विचारा. आणि मोठे झाल्यावर मदतीचा कागद हातात पडला, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रिकामी ओळ दिसली, तर ती कोणासाठी आहे, ते विचारायला लाजू नका. आपल्या कष्टाची नोंद आपल्याजवळ ठेवा आणि ती खरी ठेवा.

एक गोष्ट सांगायची राहिली. डेल्फीनला पदवी मिळाली, त्या दिवशी तिचे वडील लिओनेल भांडी धुण्याची खोली बघायला आले. अंगात उसना कोट होता आणि बोटे बर्फाच्या गाडीच्या चाकाने जाड झालेली. त्यांनी यंत्र पाहिले, पट्टा पाहिला आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"हे चालतं कसं?"

डेल्फीनने एक कोरे पांढरे कार्ड त्यांच्या हाती दिले. "इथे घाला, पापा. आणि हा दांडा दाबा."

त्यांनी दाबला. इतक्या जोरात दाबला, की मी भिंतीवर हललो. अकरा वाजून बेचाळीस मिनिटे. त्यांनी कार्ड दूर धरून वाचले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

"जाताना पुन्हा छापावं लागतं," डेल्फीन म्हणाली. "नाहीतर कार्ड अपुरं राहतं."

"राहू दे अपुरं," लिओनेल म्हणाले. "मी आत आलो होतो, एवढं त्यावर असलं की पुरे."